उन्हातला निळा

टेपकाकूंच्या गळ्यात टेप नाही असं त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. भाजी आणायला निघाल्या तरी टेप गळ्यात, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसल्या तरी गळ्यात. एकदा जेवताना टेपचं टोक वाटीत बुडालं, तर त्यांनी ते धुतलं, पदराला पुसलं, पुन्हा गळ्यात घातलं आणि मग जेवण पुरं केलं. शाळेतली मुलं त्यांना टेपकाकू म्हणायची. मुलांचं ऐकून मुलांचे आईबाप म्हणू लागले, मग शिक्षक, मग पोस्टमन.

दुकान म्हणजे एक खोली आणि मागे पडदा. पडद्यापलीकडे घर. दुकानाच्या दारासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे शाळेचं गजांचं कुंपण आणि कुंपणापलीकडे मैदान. शिलाईचं मशीन अगदी दाराशी ठेवलेलं होतं, कारण सुईत दोरा ओवायला उजेड लागतो. त्यामुळे एकतीस वर्षं टेपकाकू दोनच ठिकाणी बघत आल्या होत्या. मान खाली घातली की सुई, वर केली की मैदान. सकाळी शाळा भरताना मैदानात रांगा लागायच्या. राखाडी स्कर्ट, राखाडी पँटी, पांढरे शर्ट. त्यांतले निम्म्याहून जास्त त्यांच्या हातचे.

"उभा राहिला बघा माझा तागा," त्या म्हणायच्या.

हे त्या बहुधा चित्रकलेच्या सरांना म्हणायच्या. सर दर दोन-तीन महिन्यांनी एखादी पँट घेऊन यायचे. कधी कमरेत सोडवायला, कधी आत घ्यायला.

"सर, एकदा काय ते ठरवा. पोट ठेवायचंय की घालवायचंय? उसवून उसवून कापड विरलं."

"पोटाचं माझ्या हातात काय आहे? घरी विचारा."

मग सर स्टुलावर बसायचे आणि रांगांकडे बघत राहायचे. "काकू, पाचवीच्या पोरांना मी सांगतो, तुम्हाला हवा तो माणूस काढा. सगळे राखाडी पँट आणि पांढरा शर्ट काढतात. माणूस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे युनिफॉर्मच येतो."

"येऊ द्या की. उघडा तर येत नाही ना?"

"थट्टा नाही करत मी."

"मीही नाही करत."

खरंच करत नव्हत्या. टेपकाकूंचे वडील ट्रक चालवायचे. त्यांच्या जुन्या खाकी पँटींतून आई मुलीसाठी झगे बेतायची. खिशाची जागा झग्यावर गडद राहायची, मागच्या दोन खिशांचे दोन चौकोन, छातीवर. शाळेतली पोरं तिला ड्रायव्हर म्हणायची. बाकावर बसायला गेली की कुणीतरी हॉर्नचा आवाज काढायचं. तिसरीत असताना शाळेनं सगळ्यांना एकच गणवेश दिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, तुझं नाव काय. तोपर्यंत ते तिला कुणी विचारलंच नव्हतं. कपडेच नाव सांगून मोकळे व्हायचे.

ही गोष्ट टेपकाकूंनी सरांना कितीतरी वेळा सांगितली होती. सर दरवेळी नीट ऐकून घ्यायचे आणि दरवेळी म्हणायचे, "ते सगळं बरोबर आहे. तरीपण."

"तरीपण काय? तुम्हाला बाहेरून एकसारखे दिसतात. आतून बघा की." मग त्या हाताशी असेल तो शर्ट उलटा करून दाखवायच्या. इथे दोन बोटं सोडलेलं, तिथे दाबून घेतलेलं, बगलेत जोडलेला त्रिकोणी तुकडा. प्रत्येक शिवणीच्या आत पुढच्या वर्षासाठी राखलेली माया, म्हणजे जास्तीचं कापड. पोर वाढलं की तिथून सोडवायचं. "हे सगळं आत आहे, म्हणून बाहेर काही नाही."

त्या हे कुणाला मनात धरून बोलत होत्या ते सरांना सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

टेपकाकूंच्या लेकीची मुलगी त्यांच्याकडेच राहायची. सातव्या महिन्यात जन्मली, तळहाताएवढी होती, म्हणून पिटुकली. आता चौदाव्या वर्षी ती आजीपेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव तेच राहिलं. तिची आई दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्स होती. पाळ्यांची नोकरी, त्यात पोरीचं कोण बघणार, म्हणून पिटुकली आजीकडे.

तीन वर्षांपूर्वी, सहावीचं माप घेताना, टेपकाकूंनी टेप तिच्या मानेपासून कमरेपर्यंत धरला आणि तो सरळ पडेना.

"हलू नकोस."

"मी हलत नाहीये, आजी."

"मग नीट उभी राहा. सरळ."

"सरळच आहे."

तिसऱ्यांदा त्यांनी टेप धरला नाही. हाताचा तळवा पाठीवरून खाली आणला. हजारो पाठी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. कणा टेपला बाजूला सारतो असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो काढून उजेडाच्या काचेवर लावला. कुणीतरी ओळ लिहिता लिहिता मध्येच कोपराला धक्का बसावा, तसा कणा होता. "घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "व्यायाम करायचा. वाढ पूर्ण झाली की पुढचं बघू. पुष्कळांना असतं." टेपकाकूंना त्यानं बरं वाटलं नाही. पुष्कळांची मापं त्यांनी घेतली होती.

डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. कमर उजवीकडे आत गेलेली, डावीकडे सपाट. सरळ कापलेला कपडा तिच्या अंगावर तिरका लोंबायचा. तेव्हा टेपकाकूंनी तिरकं कापायला घेतलं. डाव्या खांद्यात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तीन पातळ थर घातले, बाहीचा गोल डावीकडे वर उचलला, डाव्या बाजूच्या चुण्या अर्धा बोट खोल घेतल्या, स्कर्टचा घेर एका बाजूला लांब कापला. घडी घालून जमिनीवर ठेवला तर तो युनिफॉर्म एखाद्या मोडलेल्या छत्रीसारखा दिसायचा. पिटुकलीच्या अंगावर चढला की ओळंब्यात यायचा. तीन वर्षं ती रांगेत उभी राहिली आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलीलाही कधी काही दिसलं नाही. टेपकाकूंच्या आयुष्यात याहून चांगलं काम झालं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं.

यंदा वर्षाच्या सुरुवातीला शाळेत पालकांची सभा भरली. टेपकाकूंनाही बोलावणं होतं. त्या मागच्या बाकावर बसल्या.

"युनिफॉर्म एकच आहे म्हणता," एक वडील म्हणाले, "पण कुणाचं कापड चमकतं आणि कुणाचं दोन धुण्यांत बोळा होतं. कुणाचा बाप काय करतो ते लगेच कळतं."

"माझी मुलगी रोज रडते," एक आई म्हणाली. "मैत्रिणीच्या स्कर्टला जास्त चुण्या आहेत म्हणून."

"मग काढूनच टाका ना युनिफॉर्म," मागून कुणीतरी म्हणालं. "माझ्या मुलाला या कापडानं पुरळ येतं. उन्हाळ्यात नुसता खाजवत असतो."

"काढून टाका म्हणजे? रोज सकाळी कपाटासमोर तासभर लढाई कोण करणार? तुम्ही येता का आमच्याकडे?"

लोक हसले. चित्रकलेचे सर उठून म्हणाले की मुलांना काय घालायचं हे थोडं तरी मुलांना विचारावं. त्यावर एक आजोबा म्हणाले, "आमच्या नातवाला विचारलं तर तो चड्डीवर येईल, सर." पुन्हा हशा. टेपकाकूंना प्रत्येकाचं पटत होतं. एकाचं पटून होईपर्यंत दुसरा बोलायला उठायचा आणि त्याचंही पटायचं. शेवटी ठरलं असं की शिंप्यांकडे शिवणं बंद. एकाच कारखान्यातून, एकाच कापडाचे, तयार गणवेश सगळ्यांनी घ्यायचे. मुलींना ट्यूनिक, मुलांना पँट, रंग नवा. म्हणजे फरक राहणारच नाही.

मुख्याध्यापिका चांगल्या बाई होत्या. त्यांनी मागच्या बाकाकडे बघितलं. "काकू, यात तुमचं काम जातंय, आम्हाला कल्पना आहे. दुरुस्तीचं सगळं तुमच्याकडेच पाठवू. तुम्हाला काही म्हणायचंय?"

टेपकाकू उठल्या. त्यांना म्हणायचं होतं ते एकच होतं, आणि ते म्हटलं की संपलं. सगळ्यांनी माना वळवल्या होत्या.

"मापं वेगवेगळी असतात, बाई," त्या म्हणाल्या.

"चौदा साइज आहेत, काकू."

"चौदा," टेपकाकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

रंग निवडायचं काम चित्रकलेच्या सरांकडे आलं. हरलेल्याची समजूत काढावी तसं. सरांनी ते मन लावून केलं. नेहमीचा शाळेचा निळा त्यांना नको होता. त्यांनी कारखान्याकडून नमुने मागवले, पाण्यात भिजवले, दिवसभर खिडकीत ठेवले, आणि एक निळा निवडला. गडद, पण कोरडा, रात्र व्हायच्या आधी आभाळ असतं तसा. "युनिफॉर्म घालायचाच आहे, तर निदान रंग तरी बरा असू दे," ते टेपकाकूंना म्हणाले. टेपकाकूंनी नमुना हातात घेतला, सवयीनं दाराबाहेर उन्हात नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "रंग छान आहे हो, सर."

प्लास्टिकच्या पिशवीतून पिटुकलीचा ट्यूनिक आला. तिनं पडद्याआड जाऊन घातला आणि बाहेर आलीच नाही.

"ये बघू इकडे."

"नको."

"अगं, मी बघायला नको का?"

ती आली. कपडा सरळ होता, अगदी गुण्यात कापलेला, आणि त्याच्या सरळपणामुळे ती सगळी तिरकी दिसत होती. डावा पट्टा खांद्यावरून घसरत होता. डावीकडचा काठ खाली उतरला होता. पाठीत उजवीकडे कापड ताणलं होतं आणि तिथे हाडाचा उंचवटा स्पष्ट दिसत होता. तीन वर्षं आत ठेवलेलं सगळं बाहेर आलं होतं.

टेपकाकूंनी नमद्याचा तुकडा खांद्यात घालून बघितला. काठ वर चढला, चुण्या उघडल्या. सोडवायला गेल्या तर शिवणीत काही नव्हतंच. कारखान्यानं कापड अगदी कडेपर्यंत छाटून त्यावर दोऱ्याची वेणी मारली होती. माया नावाला नव्हती. मोठा साइज आणून तो कापावा, तर मोठे साइज संपले होते, नवे पुढच्या वर्षी. एकीला एकच ट्यूनिक, दुसरा सहामाहीनंतर.

"मी हा घालून जाणार नाही," पिटुकली म्हणाली. रडून नाही, नुसतं सांगितलं. "शाळेतच जाणार नाही."

"असं कसं? नववी आहे."

"घरून परीक्षा देता येते. मी विचारून ठेवलंय."

कुणाला विचारलंय, केव्हा विचारलंय, ते टेपकाकूंनी विचारलं नाही. म्हणजे सभा झाली त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात हेच चाललं होतं. जुना गणवेश पुढच्या आठवड्यापर्यंतच चालणार होता, त्यानंतरच्या सोमवारपासून नवा. दहा दिवस होते.

त्या मुख्याध्यापिकांना भेटल्या. "तिला तयार बसत नाही, बाई. मी घरी शिवू का? अगदी तस्साच शिवते."

"कुठे बसत नाही?"

"खांद्यात."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "शिवा. पण फरक दिसता कामा नये, काकू. तुमच्या नातीला म्हणून सोडलं असं व्हायला नको. आणि तब्येतीचं काही कारण असेल, तर दाखला आणा. मग ती काहीही घालू दे, कुणी काही म्हणणार नाही."

"तसं काही नाही," टेपकाकू म्हणाल्या.

कारखाना सुटं कापड विकत नव्हता. टेपकाकू चार दिवस दुकानं पालथी घालत होत्या. ट्यूनिक पिशवीत घेऊन जायच्या, ताग्यावर ठेवून बघायच्या आणि पिशवीत परत टाकायच्या. सरांनी निवडलेला निळा कुणाकडे नव्हता. कुठे काळा वाटायचा, कुठे पोलिसी, कुठे नुसताच निळा. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या कापडबाजाराच्या तळघरात उतरल्या. तिथे ओळीनं दुकानं आणि डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा. ओळखीच्या कापडवाल्यानं तळाचा एक तागा ओढून काढला.

"शेवटचे तीन मीटर आहेत. बघा."

टेपकाकूंनी ट्यूनिक त्यावर ठेवला. काठ कुठे संपतो आणि तागा कुठे सुरू होतो ते दिसेना. त्यांनी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. दोन्ही कापडांचा एकेक धागा काढून बोटावर शेजारी शेजारी ठेवला. एकच.

"वर नेऊन बघा की," कापडवाला म्हणाला. "उजेड आहे अजून. मी कुठे पळतोय?"

रंग उन्हात बघायचा. हे त्यांनी एकतीस वर्षांत शिवायला शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला सांगितलं होतं. ट्यूबखाली जुळतं ते उन्हात जुळेलच असं नाही. गिऱ्हाइकांनाही सांगायच्या, बटणंसुद्धा दारात नेऊन निवडायच्या. जिना वीस पायऱ्यांचा होता. वरच्या दारातून उजेडाचा एक तुकडा शेवटच्या दोन पायऱ्यांवर पडलेला त्यांना इथून दिसत होता.

"गुडघे दुखताहेत आज," टेपकाकू म्हणाल्या.

"कमाल आहे. परवा तर अस्तराचा चिंधीएवढा तुकडा घेऊन वर गेला होतात."

"कापा तुम्ही. अडीच मीटर."

बघितलं असतं तर घेता आलं नसतं.

चार दिवस त्यांनी तो ट्यूनिक शिवला. कारखान्याच्या ट्यूनिकचा प्रत्येक टाका मोजला, बाहेरून तेवढ्याच अंतरावर टाके घातले. आतून सगळं नेहमीसारखं, तिरकं, नमदा घालून, माया राखून. शनिवारी संध्याकाळी, आतल्या खोलीतल्या दिव्याखाली, पिटुकलीनं तो घातला. आरशासमोर उभी राहिली, मागे वळून पाठ बघितली, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बघितले.

"आजी," ती म्हणाली, "मी अगदी रेडीमेड दिसतेय गं."

टेपकाकू हसल्या. हातातल्या टाचण्या त्यांनी डबीत टाकल्या, दोन खाली पडल्या, त्या शोधत बसल्या. रविवारी इस्त्री करून त्यांनी ट्यूनिक आतल्या खोलीतच खुंटीला अडकवला. बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर दिवसभर ऊन होतं.

सोमवारी सकाळी मैदानात नव्या रंगाच्या रांगा लागल्या. टेपकाकू मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालवत नव्हत्या. शाळेच्या इमारतीची सावली त्या वेळी सगळ्या मैदानावर असते. सावलीत आठशे मुलं एका निळ्यात उभी होती. त्यांनी नववीची रांग शोधली, रांगेत पिटुकली शोधायला लागल्या आणि ती सापडेना. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. ती सापडत नव्हती, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दोन्ही हातांनी टेपची दोन टोकं धरून ठेवली.

मग ऊन गच्चीवरून उतरायला लागलं. आधी पाचवीवर आलं, मग सहावीवर. सावलीची कड मैदानावरून हळूहळू सरकत होती, कुणी वरचं पांघरूण ओढत न्यावं तशी. सातवी, आठवी. उन्हात सरांचा निळा आणखीच खोल दिसत होता. मग ऊन नववीच्या रांगेवर आलं आणि मध्येच एक ट्यूनिक जांभळा झाला.

गडद, पण जांभळा. वांग्याच्या सालीचा असतो तसा.

आधी मागच्या मुलीनं बघितलं, मग शेजारच्या रांगेतलीनं. डोकी वळायला लागली. पिटुकलीनं आपल्या चुण्यांकडे बघितलं, पुढच्या मुलीच्या चुण्यांकडे बघितलं, आणि मग कुंपणापलीकडे, दुकानाच्या दाराकडे. टेपकाकूंनी मान खाली घातली. खाली सुई होती.

कवायतीचे सर तिच्यापर्यंत आले, काहीतरी बोलले, आणि ती रांगेतून निघून पायऱ्यांजवळ जाऊन उभी राहिली. आठशे मुलांसमोर, उन्हात, एकटी. तिचे खांदे ओळंब्यात होते. काठ सरळ होता. पाठीत कुठे वेडीवाकडी रेषही नव्हती.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी टेपकाकूंना बोलावून घेतलं. "मला वाईट वाटतंय, काकू. पण एकीला सोडलं तर उद्या चाळीस जणी येतील, माझा निळा थोडा वेगळा चालेल का म्हणून. मग आपण होतो तिथेच परत."

टेपकाकूंना त्यात खोट काढता येईना. हे त्यांचंच बोलणं होतं. इतकी वर्षं त्या सरांना हेच सांगत आल्या होत्या.

"दाखला आणा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या लक्षात आलंय थोडंफार. दाखला आणला की आजपासून सवलत. फक्त सवलतीची यादी सूचनाफलकावर लावावी लागते, कारणासकट. नाहीतर पालक विचारतात."

"कारणासकट," टेपकाकू म्हणाल्या.

"नियम आहे."

संध्याकाळी चित्रकलेचे सर आले. हातात पँट नव्हती. स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले.

"मी बोललो बाईंशी. कवायतवाल्यांशीही बोललो. कुणी वाईट नाहीये, काकू. सगळे अगदी नीट ऐकून घेतात."

"तुम्ही कशाला शब्द टाकलात?"

"साधा निळा घेतला असता तर कुठेही मिळाला असता. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला असता." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "चार वर्षं ती माझ्या वर्गात चित्रं काढतेय. ओणवी होते तेव्हा दिसतं. मी रेषांचं काम करणारा माणूस, मला दिसणारच. पण उभी राहिली की नाहीसं व्हायचं. तुमचं काम ओळखलं, म्हणून मी आत कधी डोकावलो नाही."

दाखवता न येणारं काम कुणीतरी बघत होतं. हे आज कळण्यात काही अर्थ नव्हता.

"युनिफॉर्म नसता तर हे झालं नसतं," सर म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"नसता तर तिनं काय घातलं असतं?"

"काहीही. सैलसर."

"म्हणजे रोज सैलच. मग रोज सैल का, ते कुणी विचारलं नसतं का?"

सरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही. पडद्याआडून पिटुकली आईशी फोनवर बोलत होती. आईचा आवाज मोठा असल्यामुळे इकडेही ऐकू येत होता. "अगं, दाखला मी इथून पाठवते ना. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मी रोज बघते अशा मुली. आणि चिडवलं कुणी तर सांग मला."

"चिडवणार नाहीत गं," पिटुकली म्हणाली. "चांगलं वागतील. बाकावर जागा देतील. माझं दप्तर उचलतील. खेळात घेतील आणि मुद्दाम आऊट होतील."

सर उठले, दारात थांबले आणि रिकाम्या मैदानाकडे बघून निघून गेले.

मंगळवारी सकाळी टेपकाकू चहा ठेवत होत्या तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला. वळून बघितलं तर पिटुकलीनं कारखान्याचा ट्यूनिक घातला होता. वेणी घातली होती, दप्तर पाठीवर होतं.

"एक दिवस थांबतेस का?" टेपकाकू म्हणाल्या. "मी अजून एक-दोन ठिकाणी बघते."

"कुठे बघणार आहेस?"

टेपकाकूंनी गॅस बारीक केला.

"मागे दप्तर आहे," पिटुकली म्हणाली. "वर्गात जाईपर्यंत तरी दिसणार नाही."

"रांगेत दप्तर खाली ठेवायला लावतात."

"माहितीये मला."

जांभळा ट्यूनिक खुंटीवर होता. त्याच्या खांद्यात अजून नमदा होता, त्यामुळे रिकामा असूनही एक खांदा वर उचलल्यासारखा दिसत होता. पिटुकली त्याच्याजवळून गेली, चपला सोडून बूट घातले आणि आजीच्या गालाला गाल लावला. टेपकाकूंच्या हाताला सवयीनं तिच्या डाव्या खांद्यावरचा पट्टा लागला, त्यांनी तो वर केला. तो पुन्हा घसरला.

ती रस्ता ओलांडत होती. टेपकाकू दारात उभ्या होत्या. पोर चालताना डावा खांदा स्वतःच वर उचलून धरत होती, जिथे नमदा असायचा तिथे नुसता जीव लावून. फाटकापर्यंत तिनं तो धरून ठेवला. फाटकातून आत गेली, चार पावलं चालली आणि खांदा खाली आला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा खाली आला.

मैदानात रांगा लागल्या. दप्तरं खाली ठेवली गेली. ऊन गच्चीवरून उतरलं, पाचवीवर आलं, आठवीवर आलं, नववीवर आलं. आज कुठे काही जांभळं झालं नाही. आठशे मुलं एका रंगात उभी होती, अगदी एका ताग्यातली.

टेपकाकूंनी मशीनवर बसून मान वर केली. नात कुठे आहे ते शोधावं लागलं नाही.